परवा, आम्ही तिघे

१

भानुदास मेस्त्रीला दोन परक्या देशांच्या सगळ्या तारखा तोंडपाठ होत्या. स्वतःच्या लग्नाची तेवढी दरवर्षी बायकोला त्याला आठवण करून द्यावी लागे.

मस्कतमधल्या मत्रहच्या बंदराकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका जुन्या दुमजली घरात स्कॉटिश आणि आयरिश मंडळींचा क्लब होता आणि भानुदास तिथला एकोणीस वर्षांपासूनचा मॅनेजर. मॅनेजर म्हणजे सकाळी कुलूप उघडण्यापासून गळक्या नळाला वायसर बसवण्यापर्यंत सगळं काही. पण त्याला विचाराल तर त्याचं खरं काम एकच, दारातल्या फळ्याचं.

देवगडजवळच्या शाळेत असताना मास्तरांनी त्याला दिनविशेष लिहायचं काम दिलं होतं. वर सुविचार, मध्ये दिनविशेष, खाली कोपऱ्यात पट आणि हजर. अक्षर मोत्यासारखं म्हणून मान मिळाला, आणि एकदा मिळालेला मान कोकणी माणूस सहजासहजी सोडत नाही. मस्कतला आल्यावर क्लबाच्या दारात रिकामा फळा दिसला आणि भानुदासचा हात शिवशिवला. क्लबाच्या लायब्ररीतली पुस्तकं चाळून त्याने तीनशे पासष्ट पानांची वही भरली. कुणाची लढाई, कुणाचा करार, कुणाचं डोकं उडालं. रोज सकाळी आठच्या आत त्या दिवसाचं स्कॉटलंड आणि आयर्लंड फळ्यावर इंग्रजीत हजर. क्लबातले एक म्हातारे स्कॉटिश कॅप्टन काठी टेकत आले की पहिला प्रश्न ठरलेला, "भानू, आज कोण मेलं?"

सगळ्या वर्षात भानुदासचा लाडका दिवस म्हणजे पंधरा डिसेंबर. १८९९ मध्ये या दिवशी कोलेन्सोच्या लढाईत आयरिश पलटणी गोळ्यांच्या तोंडी गेल्या. १९९३ मध्ये याच दिवशी लंडन आणि डब्लिनच्या पंतप्रधानांनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पण खरी मजा १९०० सालाची. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका ओसाड बेटावर दीपगृह होतं आणि त्यात तीन माणसं. पंधरा डिसेंबरच्या सकाळी नऊपर्यंतची नोंद पाटीवर खडूने लिहिलेली सापडली. त्यापुढे काही नाही. अकरा दिवसांनी बोट पोचली तेव्हा चूल थंड होती, आणि तिघांपैकी एकाचा वादळात घालायचा कोट खुंटीवर तसाच टांगलेला. माणसं मात्र आजतागायत सापडली नाहीत.

ही गोष्ट भानुदास दरवर्षी फळ्यापाशी उभा राहून सांगे. लोक दरवर्षी तीच ऐकायला येत आणि दरवर्षी त्यांच्या अंगावर काटा येई. या वर्षी तर त्याच्या उत्साहाला उधाण आलं होतं. कारण त्याचा मुलगा जितेश आता स्वतःच दिवेवाला झाला होता.

२

जितेश सव्वीस वर्षांचा, इंजिनियर. समुद्रातल्या खडकांवर आणि तरंगत्या पिंपांवर सौरदिवे बसवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे नोकरीला होता आणि किनाऱ्यावरच्या सहम गावात कंपनीच्या खोलीत राहायचा. गेल्या आठवड्यात फोनवर तो आनंदाने ओरडलाच होता.

"बाबा, फुल चार्ज मला दिलाय! आम्ही तिघं. मी, नूरैन आणि हमद. बोट सोडून जाणार आणि चार दिवसांनी परत घेऊन येणार. आणि त्या रॉकचं नाव काय माहितीय? हजर!"

"हजर?"

"अरबीत हजर म्हणजे दगड. फिशरमन लोक नुसतं हजर म्हणतात."

भानुदास इतका हसला की त्याची बायको गिरिजा स्वयंपाकघरातून धावत आली. त्यालाही कारण होतं. जितेश लहान असताना शाळेची बस त्याला क्लबाच्या दारात सोडायची आणि भानुदास फळ्याशेजारी मास्तरासारखा उभा राहून पुकारा करायचा, "जितेश भानुदास मेस्त्री?" त्यावर दप्तरासकट ते पोर ताठ उभं राहून ओरडायचं, "हजर!" इंग्रजी शाळेतल्या त्या मुलाला भानुदासने त्याच फळ्यावर मराठी अक्षरं शिकवली. सगळी आली, पण घ काही आला नाही. घ काढायला गेला की ध व्हायचा. घराला धर आणि घोड्याला धोडा.

"काम नक्की कधी?" त्याने फोनवर विचारलं होतं.

"समुद्र बघून ठरेल. मिड डिसेंबर, इन्शाल्ला."

आणि शुक्रवारी, बारा तारखेला सकाळी, दार वाजलं तर समोर जितेशच. बॅग नाही, जॅकेट नाही, अंगात कंपनीचा निळा शर्ट तेवढा, तोही ओलाचिंब. फोन पाण्यात पडला म्हणाला. सुट्टी मिळाली म्हणाला. जॅकेट साइटवर राहिलं म्हणाला. गिरिजाला पुढचं ऐकायचंच नव्हतं.

"पोरगो इलो!" म्हणून तिने आधी त्याची दृष्ट काढली आणि मग सुरमईला मसाला लावायला घेतला.

३

शनिवारी तेरा तारखेला भानुदास शीळ घालत क्लबात आला. डिसेंबरातली मस्कतची सकाळ म्हणजे नुसती चैन. बंदरात पांढरं शुभ्र पर्यटकांचं जहाज लागलेलं, सूकच्या जुन्या बाजारातून लोबानचा वास येतोय, आणि घरी मुलगा झोपलाय. माणसाला आणखी काय हवं असतं?

दिवसाचा मजकूर तयार होता. १८६२, फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत आयरिश ब्रिगेडची कत्तल. १८६७, लंडनमध्ये आयरिश क्रांतिकारकांनी तुरुंगाची भिंत उडवली. कॅप्टनसाहेब खूश होणार होते. त्याने खडू उचलला आणि तसाच थांबला.

फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे शाळेत पट आणि हजर लिहायचे तिथे, काहीतरी लिहिलेलं होतं. ते खडूचं नव्हतं. ओलं बोट फिरवून लिहावं तशी ती काळीभोर, चकाकणारी अक्षरं होती. अक्षरं मराठी होती.

परवा. आम्ही तिधे.

भानुदासला आधी हसूच आलं. तिघे लिहायला जाऊन तिधे लिहिणारा माणूस अख्ख्या ओमानात एकच होता. सव्वीस वर्षांचा झाला तरी याचा घ काही सुधारला नाही! सकाळी फिरायला बाहेर पडला असेल आणि बापाची गंमत करायला आला असेल.

मग त्याला आठवलं, की कुलूप आपण आत्ताच उघडलंय आणि किल्ली एकच आहे.

हाडाचा व्यवस्थित माणूस तो. त्याने मागचं दार पाहिलं, खिडक्या पाहिल्या. सगळं बंद होतं. म्हणजे काल संध्याकाळीच लिहिलं असणार, आपलं लक्ष नसेल. ठीक आहे. पण काल संध्याकाळी ओल्या बोटाने लिहिलेलं आज सकाळी ओलं कसं राहील? ओमानात पाणी सांडलं तर फडकं आणेपर्यंत सुकतं. त्याने डस्टर फिरवला. डस्टर ओला झाला आणि अक्षरं होती तशीच राहिली.

"काय रे, आज कोण मेलं?" दारातून कॅप्टनसाहेबांची हाक आली आणि भानुदास दचकला.

४

दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा गिरिजा गॅलरीत दोरीपाशी उभी होती.

"अवो, बघा तरी. काल सकाळी वाळत घातलंय, अजून ह्यो शर्ट सुकणा नाय. तुमचो लेंगो अर्ध्या तासात कुरकुरीत झालो."

निळ्या शर्टाच्या टोकातून पाण्याचा थेंब पडला. खाली फरशीवर पांढरट डाग धरला होता.

"कापड जाड आसा," भानुदास म्हणाला. त्याला स्वतःलाच ते पटलं नाही, पण घरात कुणीतरी शहाण्यासारखं बोलायला हवं होतं.

जितेश त्याच्या खोलीत पलंगावर बसला होता, खिडकीकडे तोंड करून. खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत हातभर समुद्र दिसायचा. तो तेवढाच बघत होता. शेजारच्या स्टुलावर सकाळचा चहा जसाच्या तसा होता.

"काय रे, क्लबात आला होतास?"

"नाही बाबा. मी कुठेच नाही गेलो."

"मग फळ्यावर कोणी लिहिलं? तिधे म्हणून?"

जितेश हळूच हसला. "अजून घ जमत नाही मला."

भानुदासला बरं वाटलं. चला, म्हणजे पोरगं मस्करी करतंय. तो पलंगाच्या कडेला टेकला. गादी गार लागली.

"बरं, ते जाऊ दे. तुझं खडकावरचं काम कधी? तारीख ठरली?"

"परवा, बाबा."

"परवा?"

"हो. आम्ही तिघे."

भानुदासने बोटं मोजली. आज तेरा. परवा म्हणजे पंधरा. पंधरा डिसेंबर, दिवा आणि तीन माणसं!

पहिल्या क्षणी त्याला जो आनंद झाला तो खरोखर लहान मुलाचा होता. एकोणीस वर्षं जी गोष्ट आपण सांगतोय तिच्याच तारखेला आपला मुलगा दिवा लावायला जाणार! सोमवारी क्लबात हे सांगितलं की काय धमाल उडेल! आणि दुसऱ्याच क्षणी तो पलंगावरून उठला. कारण गोष्टीचा शेवट त्याला पाठ होता.

५

रविवारी अक्षरं फळ्यावरच होती. त्याने साबण लावला, रॉकेलचा बोळा फिरवला. शेवटी त्यांच्यावरच खडूने जाड लिहिलं. १५४२, स्कॉटलंडचा राजा गेला आणि सहा दिवसांची मुलगी राणी झाली. १९१८, आयर्लंडच्या निवडणुकीत जुनी पार्टी साफ धुतली गेली. खडू भिजून ओघळला आणि त्यातून तीच ओळ परत वर आली. भानुदास घाबरला होता, पण खरं सांगायचं तर त्याच्या छातीत एक विचित्र हुरूपही होता. त्या बेटावरच्या तिघांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. आपल्याला सांगितलं जातंय. कोण सांगतंय, का सांगतंय, हे कळायची गरज नाही. रस्त्यावर खड्ड्याची पाटी दिसली तर ती कुणी रंगवली हे विचारत बसायचं नसतं, गाडी थांबवायची.

तो भर दुपारी समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावरून जवळजवळ पळतच घरी आला.

"जितू, तू परवा, म्हणजे उद्या रे, उद्या जायचं नाहीस. नोकरी गेली तरी चालेल. तुझ्या मालकाला, त्या अर्बाबला, मी तोंड देतो. आजारी आहे सांग. बाप मेला सांग."

त्याला वाटलं होतं, मुलगा हसेल, चिडेल, इंग्रजीत वाद घालेल. गेली दहा वर्षं प्रत्येक गोष्टीवर तेच व्हायचं. जितेश खिडकीकडे बघतच म्हणाला,

"नाही जाणार, बाबा. आता नाही जाणार."

"शपथ?"

"शपथ."

भानुदासच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला दुसऱ्यांच्या मुलांची आठवण झाली.

"आणि नूरैन? हमद? त्यांनाही सांगायला हवं. त्यांचे नंबर दे."

"त्यांना सांगायला नको. त्यांना माहीत आहे."

हे वाक्य भानुदासला थोडं खटकलं, पण आनंदात माणूस खडे निवडत बसत नाही. त्याने बाहेर येऊन गिरिजाला सांगितलं की पोरगा सोमवारी घरीच आहे. गिरिजाने लगेच तांदूळ भिजत घातले, आंबोळ्यांसाठी.

"फक्त एवढाच विचारा त्याका," ती हळू आवाजात म्हणाली, "खाता काय नाय तो? कालचा ताट उचललंय तर सुरमय तशीच. आणि गादी ओली कशी होता? एवढो घाम येता काय थंडीत?"

"ताप असेल. उद्या डॉक्टरकडे नेऊ."

"कपाळ बघितलंय मी," गिरिजा म्हणाली. "थंडगार आसा."

६

सोमवारी भानुदासने पहाटेच दाढी केली आणि ठेवणीतला शर्ट घातला. निघताना जितेशच्या खोलीत डोकावला. पोरगा खिडकीपाशी पाठमोरा बसलेला. आहे! घरात आहे! बाहेरच्या दाराला त्याने तरीही गिरिजाला आतून कडी घालायला लावली.

आणि क्लबात पोचतो तर काय, फळ्याचा कोपरा कोरडा. ती ओळ गेली होती. जिथे अक्षरं होती तिथे नुसती पांढरी भुकटी उरली होती. भानुदास मोठ्याने हसला. टळलं! त्याने बोट फिरवून भुकटी टिपली. खडूची असेल असं वाटून सवयीने जिभेला लावली. खारट होती.

असू दे. समुद्राकाठचं घर, भिंतींना मीठ फुटतंच.

त्या दिवशी त्याने गोष्ट सांगितली ती अशी काही रंगवून की वर्षानुवर्षं ऐकलेले कॅप्टनसाहेबसुद्धा काठी विसरून उभे राहिले. पाटी, थंड चूल, खुंटीवरचा कोट. आणि शेवटी, दरवर्षी नसायचं ते: "आणि आज, साहेब, माझा मुलगा अशाच एका खडकावर जाणार होता. मी नाही जाऊ दिला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आयरिश बाईने त्याला मिठी मारली. एकोणीस वर्षांत भानुदास इतका सुखात कधी नव्हता.

अकराच्या सुमारास फोन वाजला. नंबर अनोळखी, लांबलचक. मागे वारा आणि इंजिनाची घरघर.

"भानुदासभाई? मैं सकलैन, जितेश का सुपरवायजर. बोट के सॅटेलाइट फोन से बोल रहा हूँ. भाई, जितेश ने घर पे कोई फोन, कोई मेसेज किया क्या?"

भानुदासला वाटलं, हा कामावर आला नाही म्हणून ओरडायला फोन आलाय. तो ऐटीत म्हणाला, "सकलैनभाई, वो आज नहीं आएगा. मैंने ही रोका है. वो घर पे है."

पलीकडे सकलैनने कुणालातरी इंजिन बंद करायला सांगितलं.

"घर पे? कब से?"

"शुक्रवार से."

"भाई, ये कैसे हो सकता है? गुरुवार को, ग्यारह तारीख को, मैंने खुद उसको उतारा है. तीनों को. अपने हाथ से सामान दिया. शुक्रवार सुबह से वायरलेस पे जवाब नहीं. समंदर इतना खराब था कि बोट आज निकल पाई." सकलैनचा आवाज चिरकला. "चूल्हा ठंडा है भाई. जितेश का जॅकेट यहाँ कील पे टंगा है, उस पे नाम है उसका."

भानुदास फळ्याला टेकला. त्याचा हात आपोआप बोटं मोजायला लागला. शनिवारी तेरा तारीख होती. तेराच्या दोन दिवस पुढे पंधरा. तेराच्या दोन दिवस मागे अकरा. मराठीत दोन्हीला शब्द एकच. त्याने विचारलं होतं, काम कधी. पोराने सांगितलं होतं, परवा. पोराने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

"थांबा," तो म्हणाला. मराठीत बोलतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "थांबा सकलैनभाई, फोन ठेवू नका. फोन त्यालाच देतो. उसी को देता हूँ."

७

उन्हाने कॉर्निश झगमगत होती. पर्यटक फोटो काढत होते, एक दुकानदार ओळखीने हसला, आणि भानुदास फोन कानाला धरून धावत होता. चूक असणार. नावात घोटाळा झाला असेल. जॅकेट तर राहिलं होतंच, त्याने सांगितलं होतं की. आपण स्वतः बघितलाय त्याला, बोललोय त्याच्याशी, तो हसलाय. माणूस दोन ठिकाणी असत नाही. एवढं तर खरं ना?

गिरिजाने कडी काढली. तिचा चेहरा उजळलेला होता.

"बरा झाला लवकर इलात. शर्ट सुकलो एकदाचो!"

दोरीवर निळा शर्ट मिठाने कडक होऊन वाऱ्यातही न हलता उभा होता, बाह्या थोड्या पसरून.

भानुदास तिच्या बाजूने आत गेला. खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि त्याच्या खालून पाण्याचा पातळ ओघळ बाहेर आला होता. दार ढकलायला हात उचलला, पण हात पुढे जाईना. फटीतून दिसलं तेवढं त्याने पाहिलं. जितेशची पाठ. खिडकीतला हातभर समुद्र. आणि जितेशच्या दोन्ही बाजूंना गादी खोल दबलेली, बसलेल्या माणसाच्या वजनाने दबते तशी. बाजूला मात्र कोणी दिसत नव्हतं.

त्याला हाक मारायची होती, जितू म्हणून. घशातून आवाज आला तो मात्र मास्तराचा, फळ्याशेजारचा.

"जितेश भानुदास मेस्त्री?"

पाठ ताठ झाली. आवाज लहान मुलाचा होता, आठ वर्षांच्या, दप्तर पाठीवर असलेल्या.

"हजर."

कानाशी सकलैन ओरडत होता, "क्या हुआ? मिला क्या? भाई, कहाँ है वो?"

भानुदासने ओठ हलवले. जे ऐकलं तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"हजर."

फोनमध्ये वारा घोंघावला. दगडावर लाट आपटल्याचा आवाज आला. मग सकलैन रडवेल्या आवाजात म्हणाला,

"हजर पे तो हम खड़े हैं, भाई. यहाँ कोई नहीं है."